कंपनी कारभारातील नियमपालन : कागदावरचे आणि कृतीतले

कंपनीचा भाग विकत घेणारा माणूस आपल्या भागापुरता त्या कंपनीचा मालक होतो. परंतु कार्यालयात जाऊन हिशेबाच्या वह्या चाळण्याची मुभा त्याला नसते. सोलापूरचा निवृत्त शिक्षक, नाशिकचा द्राक्षबागायतदार किंवा गिरगावातील एखादी गृहिणी आपली शिल्लक भागांत, कर्जरोख्यांत वा ठेवींत गुंतविते, ती कंपनीने छापलेल्या ताळेबंदावर आणि तो तपासणाऱ्यांच्या सहीवर विसंबून. भांडवल एकाचे आणि कारभार दुसऱ्याचा ही संयुक्त भांडवली कंपनीची मूळ रचनाच आहे. तिच्यामुळे लहान लहान बचतींतून प्रचंड उद्योग उभे राहू शकले. मात्र, कारभार पाहणाऱ्याने विश्वस्ताप्रमाणे वागले पाहिजे, ही त्या रचनेची अट आहे. ही अट पाळली जाते की नाही, हे पाहण्यासाठी जी व्यवस्था लागते तिला नियमपालन किंवा अनुपालन असे म्हणतात.

कंपन्यांच्या कारभाराला आज शेकडो कायदे व नियम लागू होतात. कंपनी कायदा, रोखेबाजाराचे विनियम, करविषयक कायदे, कामगार कायदे, पर्यावरणाचे कायदे ही त्यांतील ठळक नावे. यांतील प्रत्येक तरतुदीची पूर्तता झाली, असा दाखला फाइलीत असणे आणि कारभार प्रत्यक्षात सचोटीने चालणे या दोन गोष्टी एकच आहेत काय, असा प्रश्न गेल्या काही दशकांतील अनुभवाने उपस्थित केला आहे. त्याचे उत्तर शोधताना या व्यवस्थेची वाटचाल प्रथम पाहणे उपयुक्त ठरेल.

कायद्याची वाटचाल

स्वातंत्र्यानंतर कंपनी कायद्याच्या फेररचनेसाठी कु. ह. भाभा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिने १९५२ साली सादर केलेल्या अहवालाच्या आधारे १९५६ चा कंपनी कायदा तयार झाला. त्या काळी अनेक कंपन्यांचा कारभार मॅनेजिंग एजन्सीच्या हाती असे. एकच घराणे थोड्या भांडवलावर अनेक कंपन्या चालवी, आणि कंपनीला नफा होवो अथवा न होवो, एजंटाचे उत्पन्न चालू राही. ही पद्धत १९७० साली कायद्याने बंद करण्यात आली.

त्यानंतर १९७४ च्या दुरुस्तीने ठरावीक भांडवलापेक्षा मोठ्या कंपन्यांना पूर्णवेळ कंपनी सचिव नेमणे बंधनकारक झाले, आणि १९८० च्या कंपनी सचिव कायद्याने या व्यवसायाला स्वतंत्र वैधानिक संस्था मिळाली. सभेचे इतिवृत्त लिहिणारा आणि निबंधकाकडे पत्रके पाठविणारा चिटणीस अशी या पदाची जी जुनी कल्पना होती, ती हळूहळू बदलू लागली.

भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाची, म्हणजेच सेबीची, स्थापना १९८८ साली झाली. १९९२ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या रोखेबाजारातील मोठा घोटाळा उघडकीस आला, त्याच वर्षी या मंडळाला वैधानिक अधिकार प्राप्त झाले. बँकांतील गैरव्यवहारांचा अभ्यास करणाऱ्या घोष समितीच्या शिफारशींवरून बँकांमध्ये अनुपालन अधिकारी नेमण्याची पद्धत रिझर्व्ह बँकेने सुरू केली, तीही ऑगस्ट १९९२ मध्येच. पुढे कुमारमंगलम बिर्ला समितीच्या अहवालानंतर २००० साली सेबीने भागबाजारात नोंदलेल्या कंपन्यांसाठी सुशासनाचे नियम लागू केले. स्वतंत्र संचालक आणि लेखापरीक्षण समिती हे शब्द तेव्हापासून कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत रूढ झाले.

एका प्रकरणाचा धडा

ही सारी व्यवस्था अस्तित्वात असतानाच सत्यम प्रकरण घडले. हैदराबाद येथे १९८७ साली स्थापन झालेली सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही देशातील आघाडीच्या संगणक-सेवा कंपन्यांपैकी एक होती. सुमारे ५० हजार कर्मचारी तिच्याकडे काम करीत. तिचे रोखे न्यूयॉर्कच्या बाजारातही नोंदलेले असल्याने भारतातील नियमांबरोबर अमेरिकेतील अधिक कडक कायदाही तिला लागू होता. संचालक मंडळावर नामांकित प्राध्यापक व तज्ज्ञ होते. लेखापरीक्षण एका आंतरराष्ट्रीय ख्यातीच्या संस्थेशी संलग्न असलेल्या पेढीकडे होते. २००८ च्या सप्टेंबरात तर सुशासनाबद्दलचा एक पुरस्कारही कंपनीला मिळाला होता.

१६ डिसेंबर २००८ रोजी या संचालक मंडळाने अध्यक्षांच्या कुटुंबाशी संबंधित असलेल्या दोन बांधकाम कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरना विकत घेण्यास मंजुरी दिली. गुंतवणूकदारांनी तीव्र विरोध केल्यामुळे काही तासांतच हा निर्णय मागे घ्यावा लागला. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबुली दिली, की ताळेबंदात दाखविलेल्या रोख व बँक शिलकीपैकी रु. ५,०४० कोटी प्रत्यक्षात नव्हतेच. येणे म्हणून दाखविलेले व्याज, ग्राहकांकडील येणे आणि देणी यांचे आकडेही खोटे होते. सर्व मिळून ही रक्कम रु. ७ हजार कोटींच्या पुढे गेली. त्या एका दिवसात भागाची किंमत तीन चतुर्थांशांहून अधिक घसरली.

तपासात सात हजारांहून अधिक बनावट बिले आढळली. बँकांच्या मुदत ठेवींच्या पावत्याही बनावट होत्या. वास्तविक, बँकेतील शिलकीची खातरजमा लेखापरीक्षकाने थेट बँकेकडून करून घ्यावी, हा लेखापरीक्षणाचा प्राथमिक धडा होय. येथे मात्र खातरजमेची पत्रे पाठविण्याचे व उत्तरे गोळा करण्याचे काम कंपनीच्याच व्यवस्थापनावर सोपविण्यात आले होते, असे अमेरिकेच्या रोखे आयोगाने २०११ साली नमूद केले. ज्याचा हिशेब तपासायचा त्याच्याच हाती तपासणीची किल्ली दिल्यावर दुसरे काय होणार ?

केंद्र शासनाने तातडीने जुने संचालक मंडळ दूर करून दीपक पारेख, किरण कर्णिक, सी. अच्युतन आदींचे नवे मंडळ नेमले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुण्यात मुख्यालय असलेल्या टेक महिंद्र या कंपनीने स्पर्धात्मक बोलीत प्रतिभाग रु. ५८ या दराने सत्यम ताब्यात घेतली आणि हजारो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या वाचल्या. हैदराबादच्या विशेष न्यायालयाने ९ एप्रिल २०१५ रोजी राजू यांच्यासह दहा जणांना दोषी ठरवून सात वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. त्यानंतर अपिलात त्यांना जामीन मिळाला. अमेरिकेतील भागधारकांनी सामूहिक दावा करून कंपनीकडून १२ कोटी ५० लाख डॉलरची भरपाई मिळविली. १९५६ च्या कायद्यात अशा सामूहिक दाव्याची सोय नसल्याने भारतातील लहान भागधारकांना तो मार्ग उपलब्ध नव्हता.

या प्रकरणातील सर्वांत विचार करण्याजोगी बाब अशी, की कागदोपत्री पाहता जवळजवळ काहीच उणे नव्हते. समित्या होत्या, स्वतंत्र संचालक होते, प्रमाणपत्रे होती. पहारेकरी सगळे जागेवर होते. परंतु पाहण्याजोगे जे होते ते त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते, आणि जे पोहोचत होते त्याविषयी प्रश्न विचारला जात नव्हता.

नव्या कायद्याने नेमलेले पहारे

२०१३ च्या कंपनी कायद्यातील अनेक तरतुदींवर या अनुभवाचा ठसा स्पष्ट दिसतो. नोंदलेल्या सार्वजनिक कंपनीच्या संचालकांपैकी किमान एक तृतीयांश स्वतंत्र असले पाहिजेत, आणि अशा संचालकाला पाच पाच वर्षांच्या सलग दोन मुदतींपेक्षा अधिक काळ त्या पदावर राहता येत नाही. नोंदलेल्या व ठरावीक मोठ्या कंपन्यांत एकाच लेखापरीक्षक पेढीला सलग दहा वर्षांपेक्षा अधिक काळ काम करता येत नाही. व्यक्ती असल्यास ही मर्यादा पाच वर्षांची आहे. लेखापरीक्षण करणाऱ्या पेढीने त्याच कंपनीची हिशेब लिहिण्यासारखी अन्य कामे करण्यास मनाई आहे. लेखापरीक्षकाला रु. १ कोटी वा त्याहून अधिक रकमेची अफरातफर आढळली, तर त्याने ती केंद्र शासनाला कळविली पाहिजे. मोठ्या फसवणुकीसाठी किमान सहा महिने व कमाल दहा वर्षे कारावासाची शिक्षा आहे, आणि फसवणुकीत सार्वजनिक हिताचा प्रश्न गुंतलेला असल्यास किमान शिक्षा तीन वर्षांची आहे. भागधारकांच्या सामूहिक दाव्याचीही सोय या कायद्याने केली. लेखापरीक्षकांच्या कामावर देखरेख ठेवण्यासाठी राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण १ ऑक्टोबर २०१८ पासून अस्तित्वात आले.

संचालकांची कर्तव्ये या कायद्याने प्रथमच स्पष्ट शब्दांत सांगितली. संचालकाने सद्‌भावनेने काम करावे आणि कंपनी व भागधारक यांच्याबरोबरच कर्मचारी, समाज व पर्यावरण यांचेही हित पाहावे, असे त्यात म्हटले आहे. त्याशिवाय, कंपनीला लागू असणाऱ्या सर्व कायद्यांचे पालन व्हावे म्हणून योग्य ती यंत्रणा उभारली असून ती परिणामकारकपणे चालू आहे, असे निवेदन संचालकांना दरवर्षी आपल्या अहवालात करावे लागते. म्हणजेच नियमपालन ही एका कारकुनाची वा वकिलाची बाब न राहता संपूर्ण संचालक मंडळाची जबाबदारी झाली.

अनुपालन अधिकाऱ्याचे काम

प्रत्यक्ष दैनंदिन कारभारात ही जबाबदारी पेलतो तो कंपनी सचिव अथवा अनुपालन अधिकारी. कंपनीला लागू असलेल्या कायद्यांचे पालन होते किंवा नाही याविषयी संचालक मंडळाला अहवाल देणे हे कंपनी सचिवाचे कर्तव्य कायद्यातच नमूद आहे. नोंदलेल्या कंपनीने कंपनी सचिवाची अर्हता असलेली व्यक्तीच अनुपालन अधिकारी म्हणून नेमावी, असे सेबीच्या २०१५ च्या विनियमांत सांगितले आहे.

या कामाचे स्वरूप समजण्यासाठी औद्योगिक वसाहतीतील एखादी मध्यम आकाराची, भागबाजारात नोंदलेली रसायन कंपनी डोळ्यांसमोर आणावी. तिच्या संचालक मंडळाच्या वर्षातून किमान चार सभा व्हाव्या लागतात आणि दोन सभांत १२० दिवसांपेक्षा अधिक अंतर चालत नाही. वर्षअखेरीपासून सहा महिन्यांच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा, त्या सभेनंतर ३० दिवसांत हिशेबपत्रके आणि ६० दिवसांत वार्षिक विवरणपत्र निबंधकाकडे दाखल झाले पाहिजे. कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीची रक्कम पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरली पाहिजे. तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन ४८ तास उलटेपर्यंत आतली माहिती असणाऱ्या अधिकाऱ्यांनी कंपनीच्या भागांची खरेदीविक्री करता कामा नये. कारखाना चालविण्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती हवी आणि तिच्यातील अटींप्रमाणे सांडपाण्यावर प्रक्रिया झाली पाहिजे. अशा शेकडो बाबींचे वेळापत्रक ठेवणे, प्रत्येक बाब कोणाकडे आहे हे निश्चित करणे आणि चुकल्यास ती वेळीच वर कळविणे, हे अनुपालन विभागाचे नित्याचे काम होय.

परंतु या कामाची खरी कसोटी वेळापत्रकात लागत नाही. समजा, या कारखान्यातील सांडपाणी प्रक्रियेचा पंप बिघडला. दुरुस्तीला चार दिवस लागणार आहेत आणि मोठी मागणी वेळेवर पुरी न केल्यास ग्राहक हातचा जाणार आहे. उत्पादन विभागाचे म्हणणे, की चार दिवस पाणी नाल्यात सोडावे, कोणाला कळणार ? नोंदवहीतील आकडे नेहमीप्रमाणे लिहिता येतील. अशा वेळी ‘हे होणार नाही’ असे म्हणणारा माणूस कंपनीत असतो काय, त्याचे कोणी ऐकते काय, आणि असे म्हणाल्यावर पुढच्या वर्षी तो त्या पदावर राहतो काय, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर त्या कंपनीच्या नियमपालनाचे खरे मोल ठरते. नाल्याच्या खालच्या अंगाला ज्यांच्या विहिरी आहेत त्यांचे आरोग्यही त्याच उत्तरांवर अवलंबून असते.

ठेवीदारांना बसलेली झळ

नकार देणारा आवाज क्षीण असला की काय घडते, याचा अनुभव मुंबईकरांनी २०१९ साली घेतला. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने त्या वर्षीच्या सप्टेंबरात निर्बंध घातले. १३७ शाखा आणि नऊ लाखांहून अधिक खातेदार असलेल्या या बँकेतून प्रारंभी प्रत्येकाला केवळ रु. १,००० काढण्याची परवानगी होती. मुलीचे लग्न, आईची शस्त्रक्रिया, गृहनिर्माण संस्थेचा दुरुस्ती निधी अशी एकेक कामे एका रात्रीत अडली. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली.

तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार बँकेच्या एकूण कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे होती, आणि ही थकीत कर्जे झाकण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट कर्जखाती नोंदींत दाखविण्यात आली होती. २१ हजार खाती ही एका माणसाने गुपचूप लिहिण्याजोगी गोष्ट नव्हे. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन करण्यात आली. रु. ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे संरक्षण मिळाले. त्याहून मोठ्या ठेवीदारांना उरलेली रक्कम दहा वर्षांपर्यंतच्या हप्त्यांत मिळण्याची योजना स्वीकारावी लागली. आयुष्याच्या उतरणीवर असलेल्या माणसाला दहा वर्षांच्या हप्त्याचा अर्थ काय, हे सांगावयास नको.

पदाला दिलेले कवच

नियम मोडू नका असे सांगणाऱ्या अधिकाऱ्याची नेमणूक, बढती व पगार ही नियम मोडू पाहणाऱ्याच्याच हाती असतील, तर त्याचे धैर्य फार काळ टिकत नाही. या अडचणीवर उपाय म्हणून रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२० मध्ये वाणिज्य बँकांतील मुख्य अनुपालन अधिकाऱ्याच्या पदाविषयी तपशीलवार नियम ठरवून दिले. या अधिकाऱ्याची मुदत किमान तीन वर्षांची असावी. ती संपण्यापूर्वी त्याला हलवावयाचे तर संचालक मंडळाची स्पष्ट पूर्वसंमती असावी. त्याच्याकडे व्यवसायवाढीचे कोणतेही उद्दिष्ट किंवा परस्परविरोधी असे दुसरे काम देऊ नये. आणि तो मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला अहवाल देत असेल, तर लेखापरीक्षण समितीने दर तिमाहीस व्यवस्थापनातील अन्य कोणी उपस्थित नसताना त्याची स्वतंत्र भेट घ्यावी, असे त्यात सांगण्यात आले. २०२२ साली मोठ्या नागरी सहकारी बँकांनाही अशाच स्वरूपाची व्यवस्था लागू करण्यात आली.

यांतील बंद दाराआडच्या भेटीची तरतूद वरवर किरकोळ वाटली, तरी तिचे महत्त्व मोठे आहे. वरिष्ठ समोर बसलेले असताना जे बोलता येत नाही, ते बोलण्यासाठी एक ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ तिने निर्माण केली. सत्यमच्या संचालक मंडळाला जे कधी ऐकू आले नाही, ते ऐकू यावे म्हणून केलेली ही सोय आहे.

अधिकाऱ्यांप्रमाणेच सामान्य कर्मचाऱ्यासाठीही असा मार्ग आवश्यक असतो. गैरव्यवहाराची पहिली चाहूल बहुधा लेखा विभागातील कारकून, गोदामपाल किंवा खरेदी विभागातील सहायक यालाच लागते. म्हणून नोंदलेल्या कंपन्या, जनतेकडून ठेवी घेणाऱ्या कंपन्या आणि बँकांकडून रु. ५० कोटींहून अधिक कर्ज घेतलेल्या कंपन्या यांनी दक्षता यंत्रणा उभारावी, तक्रार करणाऱ्याचा छळ होणार नाही अशी तजवीज करावी, आणि विशेष प्रसंगी त्याला लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत थेट पोहोचता यावे, अशी तरतूद २०१३ च्या कायद्यात आहे. ज्या कंपनीत ही यंत्रणा वर्षानुवर्षे असूनही एकही तक्रार येत नाही, तेथे सारे आलबेल आहे असे मानण्यापूर्वी कर्मचारी बोलण्यास भितात काय, याचा शोध घेणे शहाणपणाचे ठरते.

कायद्याच्या पलीकडची सचोटी

नियमपालन हा सचोटीचा पाया होय. इमारत त्याहून उंच असावी लागते. चाकण, सातपूर, वाळूज यांसारख्या औद्योगिक वसाहतींत मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणारे हजारो लघुउद्योजक आहेत. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावेत आणि विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, असे २००६ चा कायदा सांगतो. तरीही आपल्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकावर व्याजाचा दावा लावण्याचे धाडस लघुउद्योजक सहसा करीत नाही, कारण पुढची मागणी त्याच गिऱ्हाइकाकडून यावयाची असते. बिल वेळेवर चुकते करण्यास अशा ठिकाणी कायद्याच्या धाकापेक्षा मोठ्या कंपनीची नीतीच अधिक उपयोगी पडते. तिने ४५ व्या दिवशी धनादेश काढला, तर लघुउद्योजकाच्या कामगारांचा पगार वेळेवर होतो.

लाचलुचपतीच्या बाबतीतही हेच सूत्र आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर, कंपनीच्या वतीने कोणी लोकसेवकाला लाच दिली, तर खुद्द कंपनीवरही खटला होऊ शकतो. असे प्रकार रोखण्यासाठी पुरेशी कार्यपद्धती अमलात होती, हे सिद्ध करणे हा कंपनीचा बचाव आहे. दलालाला दिलेल्या ‘किरकोळ खर्चा’चा तपशील न विचारणे ही सोयीची सवय त्यामुळे महाग पडू शकते.

सामाजिक दायित्वाचाही येथे उल्लेख करणे आवश्यक आहे. रु. ५०० कोटींचे नक्त मूल्य, रु. १,००० कोटींची उलाढाल किंवा रु. ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी कोणतीही मर्यादा गाठणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजोपयोगी कामांवर खर्च करावी, हा नियम १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. यातून शाळा, दवाखाने व जलसंधारणाची अनेक कामे उभी राहिली. तथापि, दोन टक्के खर्चाने उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या कमाईची पद्धत शुद्ध होत नाही. नाला दूषित करणाऱ्या कारखान्याने गावात पाणपोई बांधली, तरी गावकऱ्यांची विहीर तिने गोड होत नाही.

नेतृत्वाची कसोटी

यथा राजा तथा प्रजा ही म्हण कंपनीच्या कारभारालाही लागू पडते. वरिष्ठ अधिकारी उद्दिष्टाचा आकडाच तेवढा विचारीत असेल आणि तो कसा गाठला हे विचारीत नसेल, तर खालच्या माणसाने त्यातून घ्यावयाचा तो बोध घेतलेला असतो. सत्यममधील तूटही एका दिवसात रु. ५ हजार कोटींची झाली नव्हती. एका तिमाहीचा नफा थोडा फुगविला, तो झाकण्यासाठी पुढच्या तिमाहीत आणखी फुगविला, असे होत होत ती वाढत गेली. पहिल्याच तिमाहीस नफा कमी झाल्याचे सांगण्याचे धैर्य नेतृत्वाने दाखविले असते, तर भागाची किंमत काही दिवस घसरली असती, एवढेच.

याच्या उलट उदाहरण मुंबईतील टाटा फायनान्स या कंपनीचे आहे. २००१ साली या वित्त कंपनीतील गैरव्यवहार व मोठा तोटा उघडकीस आला. टाटा समूहाची आचारसंहिता १९९८ सालीच तयार झालेली होती. तरीही समूहातील एका कंपनीत हे घडले, ही गोष्ट संहितेच्या मर्यादा दाखविणारी होती. मात्र, तोटा लपविण्याचा प्रयत्न न करता समूहाने तो जाहीर केला, एकाही ठेवीदाराचा पैसा बुडू देणार नाही अशी हमी दिली, आणि त्यासाठी लागणारा निधी मूळ कंपन्यांनी पुरविला. मर्यादित दायित्वाच्या तत्त्वानुसार हात झटकण्याची पळवाट त्यांना मोकळी होती. ती त्यांनी घेतली नाही. चूक सर्वत्र होऊ शकते. ती कळल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात काय केले जाते, यावरून नेतृत्वाची परीक्षा होते.

भागधारकाने काय पाहावे ?

या साऱ्या व्यवस्थेत सामान्य गुंतवणूकदाराची भूमिका केवळ लाभांशाची वाट पाहण्याची नाही. वार्षिक अहवालातील अध्यक्षांच्या भाषणापेक्षा काही पाने अधिक बोलकी असतात. लेखापरीक्षकाने अहवालात एखादी हरकत नोंदविली आहे काय, लेखापरीक्षकाने अथवा स्वतंत्र संचालकाने मुदतीपूर्वी राजीनामा दिला आहे काय, संचालकांच्या नातेवाइकांच्या कंपन्यांशी मोठे व्यवहार झाले आहेत काय, प्रवर्तकांनी आपले भाग तारण ठेवले आहेत काय, नफा वाढत असताना रोकड मात्र आटत आहे काय, अनुपालन अधिकारी वरचेवर बदलतो काय, हे प्रश्न हिशेबशास्त्राचे फारसे ज्ञान नसलेल्या वाचकालाही विचारता येतात. त्यांची उत्तरे समाधानकारक नसतील, तर सर्वसाधारण सभेत उभे राहून विचारणा करण्याचा हक्क एका भागाच्या धन्यालाही आहे. नोंदलेल्या कंपनीविरुद्धची तक्रार सेबीच्या स्कोअर्स या संकेतस्थळावरही नोंदविता येते.

कायद्याने कुंपण घातले आहे आणि ते वेळोवेळी अधिक मजबूत केले जात आहे. पण कुंपणच शेत खाऊ लागले, तर अधिक काटेरी कुंपण हा त्यावर पुरेसा उपाय ठरत नाही. कंपनीत अप्रिय सत्य बोलणारा माणूस असावा, त्याला बोलण्यास जागा असावी आणि वरच्या खुर्चीवर ते ऐकून घेणारे कान असावेत, ही नियमपालनाची खरी त्रिसूत्री होय. सोलापूरच्या त्या शिक्षकाला कारखान्याच्या आत जाऊन पाहता येत नाही. त्याच्या वतीने पाहणारी माणसे आत निर्भयपणे काम करू शकली, तरच त्याने ठेवलेला विश्वास सार्थ ठरेल.